वीस गुंठ्यांतली वाट

अण्णा,

मी आयर्लंडमध्ये घर घेतलं. वीस गुंठे जागा, त्यात दगडी भिंतींचं एक बसकं जुनं घर, मागे पत्र्याची शेड, आणि भोवती इतकी शांतता की पहिले आठ दिवस मला चुकल्या-चुकल्यासारखं वाटत होतं. इथे अर्धा एकर म्हणतात, पण तुम्हाला सांगायचं म्हणून मी मनातल्या मनात गुंठे केले. तुम्ही जन्मभर लोकांच्या जमिनी मोजल्यात आणि राहिलात मात्र भाड्याच्या दोन खोल्यांत. आई त्यावरून टोमणे मारायची, "अख्ख्या तालुक्याची जमीन यांच्या टेबलावर, आणि आमची तुळस डालड्याच्या डब्यात." तुम्ही हसायचात आणि चहा मागायचात. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. घराची बातमी पहिल्यांदा तुम्हाला द्यावी असं फार वाटत होतं, आणि तरी मी सहा महिने ती दिली नाही. त्याचं कारण पुढे येईल, जरा दम धरा.

दोन हजार वीसच्या मार्चमध्ये करोनाच्या साथीमुळे माझं डब्लिनमधलं ग्रँड कॅनाल डॉकचं ऑफिस बंद झालं आणि शहराच्या कडेला सिटीवेस्टच्या फ्लॅटमध्ये एकाच टेबलाच्या एका टोकाला माझी नोकरी, दुसऱ्या टोकाला लेकीची शाळा असा संसार सुरू झाला. तुमचा जावई जवळच्या नास गावच्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे. तुम्ही त्याला पाहिलं नाहीत, पण तुमचं जमलं असतं, तोही जेवताना बोलत नाही. तो घरी आला की दारातच कपडे पिशवीत टाकायचा, आणि त्याची अंघोळ होईपर्यंत आम्ही दोघी आतल्या खोलीत. लेक नऊ वर्षांची. खिडकीतून पार्किंगमधल्या गाड्या मोजायची. मराठी सगळं समजतं तिला, उत्तर मात्र इथल्या हेलाच्या इंग्रजीत. एक दिवस गाड्या मोजून झाल्यावर तिने विचारलं की गवत असलेलं घर आपल्याला मिळेल का. ऑफिसला जायचं नाही तर शहराजवळ तरी कशाला राहायचं, असा विचार मग आम्हीही करायला लागलो आणि नासच्याही पलीकडे पाऊण तासावर हे गाव सापडलं. एक चर्च, एक बंद पब, पोस्टाची खिडकी असलेलं एक दुकान, दोन खोल्यांची शाळा.

घर बघायला एका वेळी एकच कुटुंब आत सोडायचे. एजंट मास्क लावून गेटपाशी उभा. मी पर्समधून तुमचा पितळी ओळंबा काढला आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला लावला. भिंत दोन बोटं बाहेर झुकलेली. नवरा म्हणाला, "मग नको घ्यायला." मी म्हटलं, "ती आपल्या पणजोबांच्या वेळेपासून अशीच उभी आहे, आपल्याला ती कितीशी वर्षं लागणार." तेवढ्यात कुंपणातल्या फटीतून एक म्हातारा आत आला. काखेत वर्तमानपत्र, हातात दुधाची बाटली. आम्हाला बघून त्याने मान हलवली, अंगणातून सरळ चालत गेला आणि शेडमागून पलीकडे दिसेनासा झाला. एजंट म्हणाला, "ते शेजारचे. ते जातच असतात." तो गेला तिथे गवतात पावलाएवढी पट्टी झिजलेली होती. एजंटने दिलेल्या नकाशावर तिथे काहीही नव्हतं. मोजणीदाराच्या मुलीला हे दिसणारच. आणि खोटं कशाला सांगू, मी ते मुद्दाम कुणाजवळ बोलले नाही.

बोलायची वेळ बँकेनेच आणली. कर्ज देण्याआधी त्यांचा माणूस घर पाहून गेला आणि ही वाट कोणाची, असं त्यांनी विचारलं. आमच्या वकीलबाई फार सज्जन आहेत, त्यांनी फोनवर मला नीट समजावलं. हा माणूस वर्षानुवर्षं इथून जातोय, त्यामुळे त्याला ही वाट कायद्याने स्वतःच्या नावावर नोंदवता येईल, सध्या बरेच लोक तसं करतायत. तशी नोंद झाली तर बँक पुन्हा सगळं तपासायला घेईल आणि तोवर विकणारा थांबणार नाही. पण वाटेवर माझा हक्क नाही, असं त्याने दोन परिच्छेदांच्या पत्रावर सही करून दिलं तर प्रश्नच मिटला. "त्यांना हवं तर त्यांनी आपल्या वकिलाला दाखवून घ्यावं, हेही सांगा," बाई म्हणाल्या. मी हो म्हटलं.

सही आणायला मी एकटीच गेले. तो दाराच्या आत, मी बाहेर दोन मीटरवर, दोघांच्या मध्ये त्याचं म्हातारं कुत्रं. "तुम्ही डॉक्टरांच्या घरच्या ना?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "डॉक्टर माझ्या घरचे." तो मनापासून हसला आणि तिथेच आमची मैत्री झाली. तो ऐंशीच्या आसपासचा. पलीकडच्या बंगलीत त्याची बहीण राहते, छातीच्या दुखण्यामुळे ती त्या वर्षी बाहेरच पडली नव्हती. हा रोज सकाळी पेपर आणि दूध नेऊन तिच्या खिडकीत ठेवायचा आणि काचेबाहेर उभा राहून अर्धा तास बोलायचा. रस्त्याने गेलं तर लांबचा वळसा पडतो, त्यात चालायला कड नाही आणि खाणीचे ट्रक. हे सगळं त्याने मला आपणहून सांगितलं. मग मी कागद पुढे केला. त्याने खिसे चाचपले, चष्मा मिळाला नाही. "काय म्हणतोय हा कागद?" मी म्हटलं, "काही नाही, बँकेला लागतो." तो म्हणाला, "बँकेला माझ्या सकाळच्या फेरीचं काय पडलंय?" आणि मग, "तू मला अडवणार आहेस का गं?" मी म्हटलं, "नाही हो, कधीच नाही." आणि ते खरं होतं अण्णा, अगदी मनापासून खरं होतं. "मग झालं तर. ग्रँड," म्हणजे इथलं 'ठीक आहे', असं म्हणत त्याने खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून माझ्याच पेनाने सही केली. वर नव्या शेजारणीसाठी म्हणून सहा अंडी दिली. त्याच संध्याकाळी आम्ही त्यांचं ऑम्लेट करून खाल्लं. फार चविष्ट होतं.

दोन हजार एकवीसच्या सुरुवातीला आम्ही राहायला आलो. दुसऱ्याच दिवशी तो अंगणातून गेला, जाताना स्वयंपाकघराच्या खिडकीवर टकटक करून म्हणाला, "थँक यू." मी हसून हात केला. तिसऱ्या दिवशी पुन्हा थँक यू. आदल्या मालकाच्या वेळी तो नुसती मान हलवून जायचा, ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. चौथ्या दिवशी तो थँक यू म्हणाला आणि मला बार्शीकडचा तो दिवस आठवला.

मे महिन्याची सुट्टी आहे, मी अकरा वर्षांची. तुम्ही मला मोजणीला घेऊन गेलायत. ज्याच्या शेताची मोजणी त्याच्या घरी मटण शिजतंय, वास थेट बांधापर्यंत. पण आपण त्यांच्याकडे जेवायचं नाही हे ठरलेलं. आपल्या फडक्यात भाकरी आणि शेंगाची चटणी. त्यांच्या घरी जेवलं की मोजणीची साखळी त्यांच्या बाजूने ओढली जाते, असं तुम्ही म्हणायचात आणि मला तुमचा भयंकर राग यायचा. त्या दिवशी तुमच्या चष्म्याची काच फुटली होती, म्हणून शेजारच्या म्हातारीचा जबाब मोठ्याने वाचायचं काम माझ्याकडे आलं. जबाब मालकाच्या मुलाने आधीच लिहून आणला होता. तुम्ही तो सकाळी डोळ्यांजवळ धरून एकदा वाचला होतात. मी भुकेने कासावीस झालेले, मधल्या चार ओळी गाळून खालच्या टोकाला पोचले. म्हातारीचा अंगठा शाईला लागला होता. "थांब," तुम्ही म्हणालात, "मधलं कुठं गेलं?" मी म्हटलं, "ते नेहमीचंच असतं." तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "तुला नेहमीचं. ती एकदाच अंगठा देणार आहे. पहिल्यापासून वाच." मी रडत रडत वाचलं. मधल्या ओळींत होतं की विहिरीकडे जायला या शेतातून वाट नाही. म्हातारी उठून उभी राहिली. "मग पाण्याला म्या कुठनं जायाचं?" तिने विचारलं आणि अंगठा पदराला पुसून टाकला. तुम्ही मोजणीचं टेबल आवरलंत. आपण चार मैल चालत एसटीला आलो. वाटेत मी मुद्दाम दहा पावलं मागून चालत होते, आणि स्टँडवर तुम्ही मला न विचारता उसाचा रस पाजलात, दोन ग्लास.

तुमच्यावर माझं फार प्रेम होतं अण्णा, आणि ते बोलून दाखवायची आपल्या घरात पद्धत नव्हती, म्हणून आता लिहिते. तुमच्या त्या हट्टी, उपाशी ठेवणाऱ्या सरळपणावरही होतं. लांबून प्रेम करायला तो फार छान होता. सही घेतानाच तेवढा मला अडचणीचा झाला.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, तो रोज जातोय ना? कोणी अडवलंय का त्याला?" नाही अडवलेलं. लेक तर त्याच्या कुत्र्यासाठी बिस्किटं घेऊन उभी असते. पण डॉक्टरांच्या बदल्या होतात, माझं ऑफिस उद्या परत बोलावेल, आणि आम्ही घर विकलं की नवा माणूस ती फट बुजवेल. तेव्हा माझ्याच कपाटातला कागद त्या नव्या माणसाच्या कामी येईल. ती वाट म्हाताऱ्याची होती. आता मी आहे तोवर, माझ्या मर्जीने आहे, म्हणून तर तो आभार मानतो. कागद वाचला नसला तरी त्याला तेवढं कळलंय.

यावर उपाय आहे. गेल्या महिन्यात मी वकीलबाईंना विचारलं. वाट आम्ही त्याला कायमची लिहून देऊ शकतो, बँकेची परवानगी लागेल, कागद वाढतील, पण होईल. "मात्र आधी त्यांना सगळं सांगावं लागेल," बाई म्हणाल्या, "तेव्हा तुम्ही काय सांगितलं नव्हतं, तेसुद्धा." त्या दिवसापासून मी रोज सकाळी हे पत्र घेऊन बसते. थोडं लिहिते, थोडं खोडते. हे कुठेही पाठवायचं नाही, ते मला पहिल्या ओळीपासून माहीत आहे.

आता तो परत येतोय. पेपर देऊन झालाय, हात रिकामे आहेत, कुत्रं मागे रेंगाळलंय. दार उघडून त्याला आत्ता सांगितलं तर पाच मिनिटं लागतील. तुम्हाला सांगणं सोपं आहे अण्णा, म्हणून मी तुम्हाला सांगत बसलेय.