वैमानिक मुलीला सालगड्यासारखे ओढून नेण्याबाबत

प्रति,
मा. उपविभागीय दंडाधिकारी,
केळापूर, मुक्काम पांढरकवडा, जि. यवतमाळ

अर्जदार : बबनराव डंभारे, वय ५४, धंदा शेती, रा. केळापूर

विषय : गगनदूत विमान कंपनीच्या प्रशिक्षण करारातून कु. निकिता हिची वेठबिगार म्हणून मुक्तता करणे व अर्जदारावर गुन्हा दाखल करणे.

संदर्भ : दि. १४ डिसेंबर २००७ रोजी अर्जदाराच्या अंगणात झालेली मारहाण.

महोदय,

१) अर्जदाराची मुलगी निकिता वैमानिक आहे, हे वाचून आपण हसू नये. विहिरीजवळचे वावर विकून अर्जदाराने तिला विमान शिकवले. मोठ्या विमानाचे पुढचे प्रशिक्षण कंपनीने दिले आणि पाच वर्षे नोकरी सोडणार नाही, असा करार लिहून घेतला. जामीन म्हणून त्यावर अर्जदाराची सही आहे. चौदा महिन्यांत सततच्या उड्डाणांनी तिच्या कानातून रक्त येऊ लागले, तरी सुट्टी मिळेना. ती राजीनामा देऊन घरी आली. तिची मूळ कागदपत्रे कंपनीने दाबून ठेवली आहेत.

२) सदर दिवशी दुपारी कंपनीचे अधिकारी चारुदत्त दोन दांडगी माणसे घेऊन जीपने आले. भाव पडल्यामुळे अर्जदाराचा कापूस ओसरीत छातीएवढा साचला आहे, निकिता त्यामागे लपली. त्या माणसांनी तिला केस धरून कापसातून फरफटत बाहेर काढले. ती जीपचे दार सोडीना, तेव्हा ते दार तिच्या बोटांवर आपटले. दोन बोटे मोडली. अर्जदाराची पत्नी विमलताई एकाच्या दंडाला अशी चावली की मांस तुटले. अर्जदाराने बैलबंडीची उभारी (कडेचा दांडा) उपसली आणि दुसऱ्याच्या खांद्यावर हाणली. हाड मोडल्याचा आवाज ऐकून अर्जदाराला बरे वाटले, हे तो लपवीत नाही. सोबत एक्स-रे व रक्त लागलेला कापूस (एक पिशवी) जोडला आहे.

३) तेव्हा चारुदत्त यांनी कराराची प्रत पुढे धरली आणि विचारले, "काका, हे अक्षर कुणाचं आहे?" अक्षर अर्जदाराचेच होते. सहीखाली त्याने स्वतःहून लिहिले होते : "मुलगी पळाल्यास हुडकून आणून कामावर उभी करीन." कंपनीने हे वाक्य मागितलेलेही नव्हते. परंतु आमच्याकडे सालगडी पाडव्याला उचल घेऊन वर्षभरासाठी बांधला जातो आणि त्याचा जामीन हेच वाक्य लिहून देतो. अर्जदाराने आयुष्यभर असेच कागद केले, म्हणून इथेही हात चालला. अशा मूर्खपणाला तोड नाही.

४) जमलेल्या गर्दीत रूपसिंग होता. तो पूर्वी अर्जदाराचा सालगडी. अर्जदाराने त्याला मदतीसाठी हाका मारल्या. तो जागचा हलला नाही. म्हणाला, "कागद त्याइच्यापाशी हाय, मालक. उचल घेतली तं साल भराच लागते." अर्जदार उभारी घेऊन त्याच्यावरही धावला, पण लोकांनी धरले. जखमी माणसांना घेऊन जीप गेली. सोमवारी, दि. २४ रोजी, आणखी माणसे आणून मुलगी नेऊ, असे चारुदत्त बजावून गेले.

५) पांढरकवड्याच्या वकिलांनी सांगितले की, कंपनीने फार तर भरपाईचा दावा लावावा, कोणताही कागद माणूस उचलून नेण्याचा हक्क देत नाही. तसे केल्यास ती वेठबिगारी, आणि त्यासाठी १९७६ चा कायदा आहे. अर्जदार आनंदाने घरी आला. निकिताने विचारले, "बाबा, हा कायदा रूपसिंगकाकाच्या वक्ताले नोता का?"

होता. सन १९९८ मध्ये पोळ्यानंतर रूपसिंग बायकोच्या आजारपणात साल मोडून तांड्यावर गेला. अर्जदाराने चार गडी नेऊन त्याला घरातून ओढले, बैलाच्या दाव्याने बंडीमागे बांधून आणले आणि निंबाला बांधून चाबकाने फोडले. पाठीची साल निघाली तरी अर्जदार थांबला नाही. रूपसिंगचे मनगट निसटले, त्या हाताने त्याला आजही वजन उचलत नाही. त्याची बायको आठवड्याने वारली, तेव्हा तो अर्जदाराच्या वावरात डवरणी (कोळपणी) करीत होता. तेरा वर्षांची निकिता ओसरीतून हे पाहत होती. अर्जदाराला त्या वेळी काहीच वाटले नाही.

६) मुक्ततेच्या अर्जावर निकिताची सही लागते. ती म्हणते, परिच्छेद ५ खरा आहे असे रूपसिंगने अंगठा देऊन मान्य केल्याशिवाय मी सही करणार नाही. अर्जदाराने तांड्यावर जाऊन त्याला हा अर्ज वाचून दाखवला. त्याने शेवटपर्यंत ऐकला. मग म्हणाला, "आंगठा एकडाव तुमच्या कागदावर देल्ला होता, मालक." आणि आत गेला. निकिताला हे सांगितले, तर ती म्हणाली, "मंग सोमवारी मीच जीपमंदी बसीन." विमलताईने तिच्या थोबाडीत मारली, मग गळ्यात पडून रडली. मुलगी ऐकत नाही.

तरी सही व अंगठा नसतानाही हा अर्ज दाखल करून घ्यावा आणि सोमवारच्या आत प्रथम अर्जदाराला अटक करावी. अर्जदाराला बेड्या पडलेल्या पाहून रूपसिंग अंगठा देईल, अशी आशा आहे. न दिल्यास त्याच्यावर जबरदस्ती करू नये.

आपल्या दाराशी उभा,
बबनराव डंभारे
दि. १८ डिसेंबर २००७