ऑकलंडचा रविवार

मंगळवार, १७ फेब्रुवारी
जागृती ऑकलंडला पोचली. बागायतीचा कोर्स. चिकूच्या वाडीत वाढलेल्या पोरीला झाडं शिकायला न्यूझीलंड लागतं. असो, प्रेम आहे.
फोनवर अट घातलीय. रविवार संपायच्या आत आशागडला जाऊन तिच्या पप्पांना तोंडाने सांगायचं: कॉलेज पूर्ण करतो, लग्न करायचंय. नाहीतर सोमवार लागताच ती पालघरच्या इंजिनियरला होकार देणार.
उद्याच जातो. पप्पांना घाबरतो कोण.

बुधवार, १८ फेब्रुवारी
गेलो नाही. शर्टाला इस्त्री नव्हती.
पण शोध लागला. शाळेचा जुना नकाशा काढला. पूर्वेला दर पंधरा रेखांशांमागे घड्याळ एक तास पुढे. १८० वरची वाररेषा ओलांडली की अख्खा दिवस मागे. न्यूझीलंड नकाशाच्या पार टोकाला, म्हणजे रेषेपलीकडेच. आपला रविवार तो तिचा शनिवार! तिथल्या उन्हाळी वेळेचा जादा तास धरूनही सोमवारी दुपारी साडेचारपर्यंत निवांत. डिग्रीवाल्यांना हे सुचणार नाही.

शुक्रवार, २० फेब्रुवारी
वरोरला दौलतकाका भेटले. बोटीवर जीपीएस लावलं, तेव्हापासून स्वतःला शास्त्रज्ञ समजतात. आयुष्य गेलं बोंबील वाळवण्यात. म्हणाले, ऑकलंड पावणेदोनशेला, रेषा एकशेऐंशीला, म्हणजे रेषा तिच्याही पुढे. "तिचा रविवार आपल्या आधी संपतो, बाबा. उठ आणि जा."
पाच अंशांचं केवढं कौतुक. नकाशावर बोटभरसुद्धा नाही. म्हणे, फोनमध्ये बघ. महाराष्ट्रातल्याच तलासरीत पोचलो की जो फोन गुजरातमध्ये स्वागत करतो, तो मला ऑकलंडची वेळ सांगणार?

रविवार, २२ फेब्रुवारी, सकाळ
शर्ट इस्त्रीला टाकला. उद्या मिळेल. घाई अडाण्यांना असते.

दुपारी ४.३४
जागृतीचा मेसेज. तिथे सोमवार लागला, पप्पांना होकार कळवला.
मी रेषा, अंश, नकाशा, सगळं समजावलं. पाच मेसेज. तिचं उत्तर एकच: "अंश राहू दे. सहा दिवस होते तुझ्याकडे."
भूगोल कच्चा आहे तिचा.

सोमवार, २३ फेब्रुवारी
बरोब्बर साडेचारला आशागडला. माझ्या हिशेबाने वेळेत. पप्पा चिकू निवडत होते. मान वर न करता म्हणाले, "काल सकाळपासून ओट्यावर बसलो होतो तुझ्यासाठी. साडेचारला तिचा फोन आला, मग उठलो."
ओट्यावर दोन खुर्च्या अजून समोरासमोर होत्या.
म्हटलं, चिकू न्यायला आलोय. दोन किलो.