चारच्या चहासोबत काय खायचं

४ नोव्हेंबर, मंगळवार
आज पुन्हा संडासला रक्त. तीन आठवडे झाले. नळ मोठा सोडून रडले. सासूबाईंना ऐकू जायला नको.
दुकानात लग्नसराईची गर्दी. दिवसभर गादीवर मांडी घालून साड्या उलगडायच्या. थोडा वेळ या बाजूवर भार, थोडा वेळ त्या. चारला कचोरी आली, सगळ्या बायांनी मिळून मागवलेली. काल नको म्हटलं तर एकजण म्हणाली, "मंगलताईला आमचं चालंना का आता?" म्हणून आज अर्धी खाल्ली. वर तळलेली मिरची. उद्याची सकाळ आत्ताच दिसतेय.

६ नोव्हेंबर
शहागंजात डॉक्टरीणबाई बसतात असं कळलं, गेले. पुरुष डॉ.समोर जमलंच नसतं. म्हणाल्या, मूळव्याध नाही, फिशर आहे. चीर पडलीय. मलम, रात्री इसबगोल, टबात कोमट पाणी घालून बसायचं. तिखट, तळलेलं, मैदा बंद. पाणी भरपूर.
"दुकानात पाणी किती पिता?"
"एखादा ग्लास."
"एवढंच?"
दुकानात बायकांना जायला जागाच नाही. सकाळी दहाला गेलेली बाई रात्री नऊला घरी येऊन... हे सांगताना लाज मला वाटली. शेठला कधी वाटली नाही.
मग विचारलं, घरात कुणाला आतड्याचा आजार होता? कॅन्सर वगैरे?
मी नाही म्हणाले.
तोंडातून निघूनच गेलं.

९ नोव्हेंबर
चारचं खाणं ही मोठी पंचाईत. बिस्कीट, टोस्ट म्हणजे मैदा. चिवड्यात मिरची. परवा मक्याच्या लाह्या नेल्या, हलक्या म्हणून. त्यांची सालपटं दुसऱ्या दिवशी... लिहवत नाही. काल चतुर्थी. उपास मोडला तर सासूबाई विचारतील, म्हणून साबुदाणा खाल्ला. आज दगड. संडासातून उठताना भिंतीला धरलं.
चालतं ते असं : पिकलेलं केळं. ताक. बाकी अजून सापडायचंय.

१४ नोव्हेंबर
शबानानं ओळखलं. शेजारच्या गादीवर बसते, बारा वर्षं झाली. गिऱ्हाईक गेल्यावर हळूच म्हणाली, "बाजी, सच बोलो. बसता येत नाय ना?"
मी मान खाली घातली.
"मेरेकू भी हुआ था. धाकटीच्या बाळंतपणानंतर. चार महिने. किसको बोलती?"
डब्यातून भिजवलेले अंजीर नि मनुका काढले. माझ्यासाठीच आणलेले. आठ दिवसांपासून बघत होती म्हणे. मागच्या गल्लीत तिची खाला, म्हणजे मावशी, राहते. दुपारी मला तिथं घेऊन गेली. स्वच्छ संडास, कडी नीट लागणारी. खालानं एक शब्द विचारला नाही.
"आता पाणी पी बाजी, पोटभर. रोज दो बार आयेंगे."

२० नोव्हेंबर
शेठ सगळ्यांसमोर म्हणाला, "दोघी दोघी कुठं फिरता? गिऱ्हाईक ताटकळलंय."
मी साडीची घडी घालायला लागले. शबाना म्हणाली, "संडासला जाते शेठ. आणि कुठं जायचं?"
एक नवरीमुलगी तिच्या आईकडं बघून हसली. शेठ गल्ल्याकडं वळला. "एकेकीनं जा. दहा मिनिटांत या."
बाकीच्या बायांनीही आज दुपारी पाणी प्यायलं. मी पाहिलं.
पाच दिवस रक्त नाही. उकडलेलं रताळं सोसलं. पपई सोसली. मुगाचं मऊ धिरडं दोन घड्या करून नेते, मिरची नाही, नुसतं जिरं.

२७ नोव्हेंबर
परत रक्त. तिखट नाही, मैदा नाही, पाणी पितेय. तरी.
सासूबाईंनी धपाटी केली, ठेचा वाढला. नको म्हटलं. "माझ्या हातचं गोड लागंना का तुला? महिना झाला बघतेय." ताट सरकवून उठल्या. ह्यांना रिक्षात माझी मलमाची ट्यूब सापडली. रिक्षा लावून आत आले, ट्यूब हातात तशीच. वाटलं, हसतील.
म्हणाले, "तुझ्या आईचंबी असंच सुरू झालं होतं ना?"
नेमकं तेच, जे मी डॉ.ला सांगितलं नाही.
आईला पण रक्त जायचं. मूळव्याध म्हणायची. पैठणला बसस्टँडजवळ एक वैदू बसायचा, बिनऑपरेशन गॅरंटी. त्याच्या पुड्या मीच नेऊन द्यायचे. आठ महिने. आई म्हणायची, पोरगी किती करती. मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा डॉ.नी नुसता कागद उलटा ठेवला.
आई जाऊन चौदा वर्षं झाली. कुणाला बोलले नाही.

२ डिसेंबर
डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. पुड्यांचंसुद्धा. रागावल्या नाहीत, पेन खाली ठेवलं फक्त. म्हणाल्या, फिशर तर आहेच, पण तेवढ्यावर थांबून चालणार नाही. कॅमेऱ्याची तपासणी करून घ्या, मोठ्या दवाखान्यात. चिठ्ठी दिली.
"घाबरू नका" असं म्हणाल्या नाहीत. बरं वाटलं. खोटं वाटलं असतं.

११ डिसेंबर
उद्या तपासणी. पोट साफ व्हायचं औषध प्यायले. दुपारपासून अकरा वेळा. प्रत्येक वेळी त्या चिरेवरून. सासूबाई बाहेर बादली भरून ठेवतात, कोमट. त्यांना ह्यांनी सांगितलं असावं. दाराशी बसून राहिल्या.

१२ डिसेंबर
झालं. आत एक जागा दिसली म्हणे, तिथले दोन तुकडे घेतले. "पाठवतो तपासायला." डॉ. तरुण होता, नजर कागदावर. मी विचारलं नाही. ह्यांनी विचारलं, "काय वाटतं साहेब?" तो म्हणाला, रिपोर्ट येऊ द्या. पुढच्या शुक्रवारी.
बाहेर आलो तर दोन दिवसांचं उपाशी पोट. गेटजवळ गाड्या उभ्या. वडे, समोसे, भेळ. "काय खाशील?" हे म्हणाले. मला काही सुचेना. हेच पुढं गेले, फळवाल्याला सांगताना ऐकलं, "मसाला टाकू नको रे, बिलकुल नको." पपईच्या फोडी आणल्या. उभ्यानंच खाल्ल्या, कारण बसवत नव्हतं. हे पण उभेच राहिले. रिक्षा समोर होती तरी.
शबानाचा फोन वाजत होता. उचलला नाही. काय सांगू.