लाल कमानीपाशी काढलेल्या चपला

ती. ताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार. भाऊजींचा गुडघा आता जिना चढू देतो का, ते कळव. इकडे देवाच्या कृपेने सगळे बरे आहेत. माझ्या पायांची हकीकत तेवढी पुढे येईल. फोनवर मला तुझ्यापुढे वाक्य पुरं करता येत नाही, म्हणून हे पत्र.

गेल्या रविवारी सकाळी मी आंघोळ केली, देवाला हात जोडले, चपलांना तेल लावलं, येत्या शनिवारच्या गाडीचं तिकीट खिशात घातलं आणि तू सांगितल्याप्रमाणे तुझ्या लेकीला सामान बांधायला सांगण्यासाठी वसतिगृहावर निघालो. ती एका विषयात राहिली ती या जपानी कार्टूनच्या नादानेच, हे तुझं म्हणणं मला पटलं होतं. (तुझं म्हणणं मला लहानपणापासून पटत आलं आहे. न पटण्याची सोय तू कधी ठेवली नाहीस.) वसतिगृहात कळलं, की आज विद्यापीठाच्या सभागृहात ॲनिमेचा मेळावा आहे. म्हणजे त्या कार्टूनमधल्या पात्रांची सोंगं घेऊन मुलं जमतात, आणि उत्तम सोंगाला बक्षीस असतं.

सभागृहाच्या दाराशी देवळाच्या दारासारखी पुठ्ठ्याची लाल कमान, वर कागदी कंदील, आतून घंटेसारखा नाद. आता तूच सांग, आपल्यासारख्याचे पाय चपलेत राहतील का? मी चपला काढल्या, भिंतीशी नीट लावल्या, कमानीला हात लावून कपाळाला लावला. मागे मांजराचे कान लावलेली मुलगी होती. तिने आदबीने विचारलं, "काका, बूट इथेच काढायचे?" मी म्हटलं, "आत जाताना काढलेले बरे." झालं. तिने काढले. तिच्यामागच्या सैतानाने काढले. सैतानामागे दोन राजपुत्र आणि एक झाड होतं, त्यांनीही काढले. (झाडाला वाकता येईना, म्हणून राजपुत्रांनी मदत केली.) मी खुर्ची शोधून बसेपर्यंत दाराशी ढीग झाला होता, आणि वरून हुकूम आला असणार असं समजून एका स्वयंसेवकाने 'पादत्राणे बाहेर काढावीत' अशी पाटीही चिकटवली होती. ताई, आमच्या पाणीखात्याच्या पंपघरात नळाची चकती बदलायचा हुकूम निघायला पावसाळा उलटतो.

स्पर्धेच्या वेळी दारात चिलखत घातलेली एक योद्धी आली. एक पाय जरा बाहेर टाकून उभं राहण्याची तऱ्हा थेट आपल्या आईची. पोर मी लगेच ओळखली. पायांत गुडघ्यापर्यंतचे पुठ्ठ्याचे बूट, त्यावर माशासारखे खवले, एकेक कापून चिकटवलेला. स्वयंसेवकाने पाटी दाखवली. बूट हा सोंगाचाच भाग आहे, असं ती परोपरीने सांगत होती. नियम म्हणजे नियम, असं तो. मला उठून एवढंच म्हणायचं होतं, की बाबा रे, हा नियम नाही, ही माझी सवय आहे. पण इतक्या लोकांत हसं होईल, म्हणून मी छताचे पंखे बघत बसलो.

ती व्यासपीठावर गेली. वर लखलखीत चिलखत, हातात तलवार, आणि खाली दोन उघडे पाय, एका टाचेला पट्टी. परीक्षक म्हणाले, चिलखत फार सुरेख, पण सोंग अपुरं.

नंतर पायऱ्यांवर ती ढिगाखाली चेपलेले बूट आतून दाबून फुगवत बसली होती. मी शेजारी टेकलो. तिने वर न बघता विचारलं, "मामा, आईने न्यायला पाठवलंय ना?" मी मान हलवली. "चल मग. आज एक गोष्ट धड जमली असती, तर तिच्याशी भांडले असते. आता कुठल्या तोंडाने भांडू?"

ज्या कामाला गेलो ते असं चुटकीसरशी झालं, आणि मला कुणाचा तरी जोडा पळवल्यासारखं वाटलं. (माझ्या चपला खरोखरच कुणीतरी नेल्या होत्या. उरलेले हिरवे, बेडकाच्या तोंडाचे जोडे घालून घरी आलो. तुझ्या भावजयीने दार उघडलं, पाय पाहिले, आणि बाजूला झाली.) तेव्हापासून देवापुढे बसलो की डोळ्यांसमोर ते उघडे पाय येतात. मूर्ती नाही त्या दारात चपला काढल्या, त्याचं काही नाही. जिथे तोंड उघडायचं तिथे मिटलं.

बाकी क्षेम. भाऊजींना नमस्कार.

तुझा धाकटा

ता. क. पोरीची तब्येत उत्तम. राहिलेल्या विषयाची पुस्तकं तिच्या टेबलावर पाहिली. वरच्या पुस्तकावर धूळ नव्हती.

ता. क. भाऊजींचा जुना चामड्याचा पट्टा वापरात नसेल तर पाठव. पोरीच्या बुटांना चांगला तळ लावायचा आहे. कशासाठी, ते त्यांना तूच सावकाश समजावून सांग. माझ्याच्याने होणार नाही.

ता. क. आज सकाळी वसतिगृहावर जाऊन तिला कमानीची सगळी गोष्ट सांगितली. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मग बक्षीस तुलाच द्यायला हवं होतं, मामा. सगळ्यांना फसवलं ते तुझ्या सोंगाने." मी म्हटलं, मी कुठे सोंग घेतलं होतं? "म्हणून तर," म्हणाली, आणि बांधलेली बॅग पायाने पलंगाखाली ढकलली. येता येता स्टेशनावर गेलो आणि शनिवारचं तिकीट रद्द करून आलो.