बोटीच्या ट्रॉलीचे दिवे

मामा, तुमच्या हाताखाली काम शिकलेला मी आता वयानं तुमच्यापेक्षा मोठा झालोय. मोखाड्याकडच्या धरणावर मासेमारी संस्थेची यंत्राची बोट होती. तिची ट्रॉली जीपला जोडून पाण्यात उतरवायची, तेव्हा मागचे दोन्ही दिवे बुडायचे. ते चालू ठेवणं हे जव्हारच्या तुमच्या गॅरेजचं काम. पाण्यात जाण्याआधी जीपमधून दिव्यांना वीज देणारा प्लग काढायचा, बल्ब गार होऊ द्यायचे, नाहीतर तापलेली काच तडकते. दिव्याला खालून बारीक भोक ठेवायचं. "पाणी शिरणारच गड्या, त्याला जायला वाट ठेव," तुम्ही म्हणायचात. वायरींच्या प्रत्येक जोडाला कथलाचा डाग, वर ग्रीस, त्यावर रबरी नळी. वीज नसली की डाग द्यायची सळई मामींच्या चुलीत तापायची. नागलीची भाकरी थापता थापता मामी ओरडतात, "भाकरीला वास लागला, आता तुम्हीच खा!" आणि तुम्ही खरंच खाता, वर आणखी एक मागता.

एकदा मी नुसत्या वायरी पिळून पट्टी गुंडाळली होती. तुम्ही ती सगळ्यांदेखत ओढून काढलीत. "ही मलमपट्टी हाय, वायरिंग नाय. मागून येणाऱ्याला आपण दिसतो ते याच्यावर." मी तेव्हा लग्न झालेला माणूस होतो. कान तापले. तुमचं बरोबर होतं, पण राग बरेच दिवस गेला नाही.

श्रावणातल्या त्या दिवशी सकाळपासून वीज नव्हती आणि संस्थेची माणसं दारात उभी होती. बोटीला गळती लागली होती, तिला काढून जव्हारला आणायचं होतं. ट्रॉलीच्या काळ्या वायरचा जोड सुटला होता. दोन्ही दिवे त्या एकाच जोडावर. तुम्ही म्हणालात, "सळई तापवून आण." मामींची चूल पेटलेलीच होती, वीस पावलांवर. मी गेलो नाही. वायरी पिळल्या, पट्टी गुंडाळली आणि वरून रबरी नळी सरकवली, म्हणजे तुम्हाला दिसू नये. तुम्ही दिवे लावून पाहिलेत, लागले. तुम्ही नळीखाली पाहिलं नाहीत. माझ्यावर विश्वास ठेवलात.

बोट ट्रॉलीवर घेऊन निघालो तेव्हा चार वाजले असतील. घाटात धुकं असं उतरलं की पुढचं झाड दिसेना. दोन्ही दिवे एकदम गेले. रस्ता अरुंद, बाजूला घ्यायला जागा नाही. मी म्हटलं, "मी मागं चालतो." तुम्ही म्हणालात, "तुझे डोळे चांगले हायत, तू जीप चालव." खांद्यावरचा लाल पंचा हातात घेऊन तुम्ही ट्रॉलीच्या मागे गेलात. मी पहिल्या गियरमध्ये चाललोय, आरशात नुसतं पांढरं. मग आवाज आला. मागून आलेला टेम्पोवाला खाली उतरून एवढंच म्हणत होता, "दिखा नहीं भाई, कुछ दिखा नहीं."

पंचनाम्यात मी सांगितलं, वायरिंगमध्ये पाणी शिरलं. गावात पुढं म्हणू लागले, मामा स्वतःच्याच कामानं गेला. दहाव्याला मामींनी मला विचारलं, "यांच्या हातचं काम कधी फसलं नाय रं. असं कसं झालं?" नंतर एकदा सगळं सांगायचं ठरवून त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चहा केला, मी प्यायलो, पावसाचं बोललो आणि परत आलो. आता मामीही नाहीत. गॅरेज मी कधीच सोडलं. आश्रमशाळेत शिपाई आहे. ज्याला सांगून तुमच्या नावावरचा बट्टा पुसला जाईल असं माणूसच उरलेलं नाही, असं मी स्वतःला समजावतो.

पण तेही खरं नाही. गेल्या आठवड्यात तुमची मुलगी एसटी स्टँडवर भेटली. तिनं तेच विचारलं. मी म्हटलं, "पाणी शिरलं होतं, ताई."