गेलेल्यांचं कपाट

२ जून, सकाळ
आजपासून रोज लिहिणार. मोठी माणसं लिहितात.

दवाखान्यात नवी सिस्टीम सुरू केली. पेशंटांच्या फायलींची तीन कपाटं: येणारे, न येणारे आणि गेलेले. इतकी वर्षं जिवंत आणि मेलेले एकाच कपाटात खांद्याला खांदा लावून उभे होते. भिंतीवर पॉलिसीचा बोर्डही लावला. नियम पहिला: फाईल नाही तर डॉक्टर नाही. सिस्टर म्हणाली, बोर्ड वाचून निम्मे पेशंट घरीच बरे होतील. जळते.

डॉक्टर आता थकलेत. ऑगस्टपासून त्यांची मुलगी दवाखाना बघणार. छोट्या मॅडमना मॅनेजर लागेलच. रिसेप्शनवर मी एकटा. म्हणजे प्रश्न मिटला.

४ जून
कोट शिवायला टाकला. मॅनेजर नुसत्या शर्टात शोभत नाही. शिंपीकाका आपलेच पेशंट. माप घेता घेता दोनदा खाली बसले. छातीत दुखतं म्हणाले. मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन ठरलंय, तारखेचं पत्र आपल्या दवाखान्यात येणार आहे. मी म्हटलं, निर्धास्त राहा, पत्रं माझ्याच हातून जातात.

पोट आत घेऊन माप दिलं. ऑगस्टपर्यंत ते तसंही आत जाणार आहे.

९ जून, सकाळ
न आलेल्या पेशंटांना फोन करायची नवी पॉलिसी. शिंपीकाकांची अपॉइंटमेंट होती, पत्ता नाही. घरी फोन लावला. काकूंनी उचलला. आवाज भरून आलेला, नाक ओढत होत्या. "हे गेले," म्हणाल्या. मी योग्य स्वरात विचारलं, कधी? आत्ताच, म्हणाल्या. फार वाईट झालं, म्हटलं. त्यावर म्हणतात, कित्ती सांगितलं तरी ऐकलं नाही, छत्रीसुद्धा न घेता गेले. दुःखात माणूस काहीही बोलतो.

फाईल ताबडतोब गेलेल्यांत. डोळे पाणावले. कोटाचं कापड त्यांच्याकडेच राहिलंय.

९ जून, नंतर
योगायोग बघा. आजच्याच टपालात त्यांचं पत्र आलं. ऑपरेशन २७ जूनला. गेलेल्यांची पत्रं त्याच दिवशी परत, असा नियमच आहे. "पेशंट मयत" असा शेरा मारून रोज सॅम्पल न्यायला येणाऱ्या हॉस्पिटलच्या गाडीबरोबर परत पाठवलं. तारीख दुसऱ्या कुणाच्या तरी कामी येईल. मन भरून आलं.

९ जून, दुपार
शिंपीकाका आले.

बस चुकली म्हणून चालत आले होते. चिंब भिजलेले, धापा टाकत होते. मी डगमगलो नाही. फाईल जागेवर नाही, तेव्हा आत सोडता येईना. गेलेल्यांतली फाईल परत काढायची तर पेशंट जिवंत असल्याचा डॉक्टरांचा दाखला हवा, हा नियम मीच घातलाय. दाखल्यासाठी डॉक्टरांना भेटायला हवं. भेटायला फाईल हवी. कुठेही फट नाही. स्वतःचंच कौतुक वाटलं. काकांना पुढच्या आठवड्यात बोलावलं आणि कोटाचं विचारलं. बाह्या राहिल्यात म्हणाले.

चूक काकूंची. आपल्यात घरातून निघताना कुणी "जातो" म्हणत नाही, "येतो" म्हणतो. शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आणि तो आवाज म्हणजे सर्दी होती म्हणे. सर्दी झाली म्हणून तोंडाला येईल ते बोलायचं?

१० जून
हॉस्पिटलला फोन केला. एंगेज. प्रयत्न केला हे महत्त्वाचं.

१२ जून
फोन लागला. तिकडची क्लार्क माझ्याच तालमीतली निघाली. मयत पेशंट परत जिवंत करायचा तर डॉक्टरांचं पत्र लागेल, म्हणाली. मी तिच्या सिस्टीमची मनापासून तारीफ केली.

पण डॉक्टरांकडे पत्र मागायचं म्हणजे कारण सांगणं आलं. आणि छोट्या मॅडम नेमक्या याच महिन्यात फायली तपासताहेत. आत्ता सांगितलं तर ती चूक. ऑगस्टमध्ये सांगितलं तर मी मॅनेजर असेन, आणि मॅनेजरच्या चुकीला निर्णय म्हणतात. थांबणंच शहाणपणाचं.

१८ जून
काका आले. तारीख आली का, विचारत होते. नाही म्हटलं. हे खोटं नव्हे. आलेली तारीख परत गेली, म्हणजे आजच्या घटकेला आलेली नाहीच.

बराच वेळ बाकावर बसून राहिले. कोटाची एक बाही लावून झालीय, हात वर केला की कळ येते, म्हणून दुसरीला वेळ लागतोय, असं सांगत होते. मी म्हटलं, काका, गिऱ्हाइकाला दिलेली तारीख पाळावी. मान डोलावली. निघताना "येतो" म्हणाले. बघा, यांना कसं बरोबर बोलता येतं.

घरी हिला कोटाचं सांगितलं. ही म्हणाली, अहो, आधी माणूस बघा, मग कोट बघा. हिला दवाखान्यातलं काही कळत नाही.

२५ जून
काकांना आज बोलावलं होतं, आले नाहीत. पॉलिसीप्रमाणे फोन करायला हवा होता. केला नाही. आजारी माणसाला उगाच त्रास कशाला?

छोट्या मॅडमनी कपाटं पाहिली. किती नीटनेटकं, म्हणाल्या. झालं! गंगेत घोडं न्हालं.

निश्चय: उद्या काहीही होवो, डॉक्टरांकडून पत्र घ्यायचंच.

२६ जून
डॉक्टर घाईत होते.

२७ जून
आज ती तारीख. लक्षात होती. दिवसभर जेवण गेलं नाही. पित्त झालं असणार.

२ जुलै
झालेल्या प्रकारातून शिकलो. बोर्डावर नवा नियम टाकला: फोनवर कुणी "गेले" म्हणालं तर परस्पर अर्थ लावायचा नाही. "कुठे?" असं स्पष्ट विचारायचं. छोट्या मॅडमना मुद्दाम बोलावून दाखवला. त्या वाचत होत्या तेवढ्यात फोन वाजला.

शिंपीकाकू. आवाज अगदी कोरडा. सर्दी बरी झालेली.

"हे गेले," म्हणाल्या.

मी मॅडमकडे बघून किंचित हसलो आणि नियमाप्रमाणे विचारलं, कुठे? शिवाय आपुलकी म्हणून विचारलं, आज तरी छत्री नेली ना?

पलीकडून जो आवाज आला तो टेबलापलीकडच्या मॅडमनाही ऐकू गेला. त्यांनी फोन माझ्या हातून काढून घेतला.

३ जुलै
मॅडमनी काकांची फाईल मागितली. क्षणात काढून दिली. जागेवरच होती, गेलेल्यांत. या एका फाईलसाठी तरी कपाट बदलावं लागलं नाही, हे मी निदर्शनास आणलं. मॅडमनी माझ्या अक्षरातला शेरा वाचला. मयत, ९ जून. सिस्टर बाजूला उभी होती, ती रडायला लागली. हॉस्पिटलला मॅडमनी स्वतः फोन केला. २७ तारखेला दुसऱ्याच कुणाचं तरी ऑपरेशन झालं, छान झालं. तारीख वाया गेली नाही, असं मी म्हणालो.

मॅडमनी किल्ल्या मागितल्या. उद्यापासून येऊ नका, म्हणाल्या. मी विचारलं, मग माझं नाव न येणाऱ्यांत घालू का? कुणी हसलं नाही. विनोदबुद्धी नसलेल्या माणसांबरोबर काम करण्यात अर्थ नाही.

६ जुलै
काकूंनी शेजारणीच्या हाती कोट पाठवला. घालून पाहिला. खांद्यात, पाठीत, पोटावर, कुठेही सुरकुती नाही. हात होता माणसाचा. दुसऱ्या बाहीच्या जागी नुसती खडूची रेघ आणि एक टाचणी. ही दारात उभी होती. काढा तो, म्हणाली आणि आत गेली.

शेजारीण जाता जाता काकूंचा निरोप सांगून गेली. दुसऱ्या बाहीचं त्यांनी विचारलं तर सांग म्हणाल्या, हे "येतो" म्हणून गेलेत.

मी विचारणारच होतो.