ओळखीच्या फाइली आणि बाबांची शीळ

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, म्हणून तूर्त मनातल्या मनात.) तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला गेला का? इकडे सगळे ठणठणीत, फक्त आई माझ्याशी बोलत नाही. फोन केला तर बाबा ऐकतील, म्हणून हे पत्र.

माझी नोकरी तुला माहीतच आहे, म्हणजे नाहीच. तू लोकांना ‘तो कॉम्प्युटरचं काहीतरी करतो’ म्हणून सांगतेस. तर ऐक. प्रत्येक फाइलचा गणिताने एक ठसा निघतो, आपल्या अंगठ्याचा असतो तसा. फाइलीत एक टिंब इकडचं तिकडे झालं की ठसा पार वेगळा. नावाजलेल्या सॉफ्टवेअरच्या फाइलींचे ठसे आमच्याकडे आहेत. जुळला की फाइल घरची. नाही जुळला की चोर, काढा बाहेर! ऑफिसात हा नियम अगदी चोख, कारण तिथल्या मशीनवर कुणी स्वतःचं काही ठेवतच नाही.

बाबांचा कॉम्प्युटर रखडत होता. म्हटलं, बाबा, तुम्ही चहा घ्या, तोवर ऑफिसचाच नियम लावून झाडून पुसून देतो. (कुठून बुद्धी सुचली!) कचऱ्याची पेटीसुद्धा इमानदारीने रिकामी केली. आता कॉम्प्युटर असा पळतो म्हणून सांगू! पत्त्यांचा खेळ आहे, आपल्याकडे नसलेल्या प्रिंटरचा प्रोग्रॅम आहे. गेलं ते फक्त कुणाच्याच ओळखीचं नसलेलं: दाढी करता करता बाबांनी रेकॉर्ड केलेली शीळ, निवृत्तीपासूनची सगळी.

बाबा एवढंच म्हणाले, “असू दे रे, नाहीतरी बेसूरच होती.” आणि ताई, तेव्हापासून त्यांनी शीळ घातलेली नाही. सकाळी न्हाणीघरात नुसता नळ वाजतो. मला फार वाईट वाटतंय गं. आणि आई, जी इतकी वर्षं त्या शिळेच्या नावाने खडे फोडायची, तीच मला वाढताना भांडी आपटते.

मुलांना गोड पापा.

तुझा धाकटा
(सध्या घरात नावडता)

ता. क. बाबा प्रत्येक शीळ तुलाही पाठवायचे, आणि तू न ऐकताच ‘वा बाबा, छान!’ लिहायचीस. (रागावू नकोस, मी तर जागा अडते म्हणून माझ्याकडच्या उडवल्या.) त्या सगळ्या परत पाठव. पुसलेल्या फाइलींचे ठसे माझ्याकडे शिल्लक आहेत, अस्सल कुठली ते लगेच कळेल.

ता. क. आणखी एक. तुझा स्वभाव टापटिपीचा, पण शिळांची साफसफाई करू नकोस. मध्येच आई “अहो, दूध उतू चाललंय!” म्हणून ओरडते, ते कापलंस तर ठसा जुळायचा नाही. शिवाय हे पाकीट चिकटवायला घेतलं, तेव्हा आई अखेर बोलली: “त्या ओरडण्यानंतर हे हसतात बघ. तेवढं मला हवंय.”